वाळवंटातले चार पत्रे आणि गवंड्याची नळी

गोव्यातल्या अनेक घरांतला कोणी ना कोणी आखातात असतो, तसा माझा भाचा दोह्यात नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने झेक्रीतच्या वाळवंटातून एक छायाचित्र पाठवले आणि खाली लिहिले, “मामा, एवढी गाडी हाकून चार गंजलेले पत्रे बघून आलो. यात शिल्प कुठे आहे, तेवढे सांग.” प्रश्न रास्त होता. चौथऱ्यावर उभा असलेला पुतळा आपल्याला समजतो, कारण त्याला चेहरा असतो, नाव असते आणि खाली कोरलेली तारीखही असते. उजाड माळावर उभ्या केलेल्या लोखंडाला यातले काहीच नसते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर लिहून संपेना, म्हणून हा लेख.

ते चार पत्रे रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराचे आहेत. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर, झेक्रीतजवळच्या ब्रूक राखीव प्रदेशात त्याने २०१४ साली ते उभे केले आणि कामाला ‘ईस्ट-वेस्ट/वेस्ट-ईस्ट’ असे नाव दिले. चारही पत्रे एका ओळीत आहेत आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचे अंतर एक किलोमीटरहून अधिक आहे. त्यांपैकी दोन १४.७ मीटर उंच आहेत आणि दोन १६.७ मीटर, म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर चांगल्या वाढलेल्या माडाएवढे. आता कोणालाही असे वाटेल की चारही सारखेच का केले नाहीत, दोन मीटरांचा फरक कशासाठी ठेवला. शिल्पाची किल्ली नेमकी त्या दोन मीटरांत आहे.

घर बांधताना गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो, एक टोक या कोपऱ्यावर आणि दुसरे त्या कोपऱ्यावर धरतो, आणि पाणी जिथे थांबते तिथे खूण करतो. जमीन कितीही वरखाली असली तरी त्या दोन खुणा एकाच पातळीत येतात. सेराने हेच काम किलोमीटरभर लांबीवर केले आहे. जमीन जिथे खोलगट आहे तिथला पत्रा उंच, जिथे ती वर आली आहे तिथला कमी उंच, आणि चारही पत्र्यांचे माथे एका पातळीत. दोन्ही बाजूंना जिप्समची जी पठारे उभी आहेत, त्यांच्या माथ्यांशीही ही पातळी जुळवलेली आहे. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर आधी पत्र्यांच्या वरच्या कडांवरून सरळ रेषेत जाते, मग खाली उतरते, आणि त्याच्या लक्षात येते की ज्या जमिनीला आपण सपाट समजून चाललो होतो ती सपाट नव्हती. जमिनीचा चढउतार तिथे हजारो वर्षे होताच; तो डोळ्यांना वाचता यावा म्हणून तिथे लोखंड उभे करावे लागले. भाच्याच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे की ते पत्रे ही मोजपट्टी आहे आणि ज्याचे माप घेतले जाते ती जमीन हा शिल्पाचा मोठा भाग आहे.

वाळवंटात अशा मोजपट्टीची गरज का भासते, हे गोव्यात बसून चटकन कळत नाही, कारण आपल्या डोळ्यांना मापे फुकट मिळतात. कुठेही पाहिले तरी माड, कौलारू छप्पर, चर्चचा मनोरा, देवळाची दीपमाळ, विजेचा खांब यांपैकी काहीतरी दिसतेच, आणि त्यांची उंची ठाऊक असल्यामुळे अंतराचा अंदाज आपोआप बांधला जातो. दुसरी मदत हवा करते. तिच्यातले बाष्प आणि धूळ प्रकाश विखुरतात, म्हणून दूरचे डोंगर फिकट आणि निळसर होत जातात. पूर्वेकडे पाहिले की सह्याद्रीची मागची रांग पुढच्या रांगेहून फिकी दिसते आणि ती मागे आहे हे न मोजता समजते. अमेरिकेतील नेवाडासारख्या कोरड्या, उंच वाळवंटात या दोन्ही खुणा गायब असतात. ओळखीची वस्तू नाही आणि हवा काचेसारखी स्वच्छ, त्यामुळे वीस किलोमीटरवरचा डोंगर पाचावर असल्यासारखा वाटतो. आखातातले वाळवंट मात्र वेगळे वागते, कारण तिथली हवा बऱ्याचदा दमट आणि धुळकट असते व दूरचे सगळे त्यात विरघळून जाते. फसगत दोन्हीकडे होते, फक्त उलट दिशांनी.

अशा ठिकाणी ज्ञात उंचीची वस्तू उभी केली की गणित सुरू होते. अंतर दुप्पट झाले की वस्तू डोळ्याला निम्मी दिसते. पंधरा मीटरांचा पत्रा एक किलोमीटरवरून पाहताना हात पुढे लांब करून करंगळी धरावी. तो जेमतेम तिच्या नखाएवढा दिसेल. पहिल्या पत्र्याखाली उभे राहिल्यावर मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते आणि त्याच ओळीतला शेवटचा पत्रा नखामागे लपतो, या दोन अनुभवांमध्ये जे काही आहे त्याला आपण ‘एक किलोमीटर’ म्हणतो. रस्त्याकडेच्या दगडावर हा आकडा रोज वाचूनही तो अंगाला लागलेला नसतो.

पातळीची ही युक्ती सेराच्याही आधी वॉल्टर डी मारिया याने वापरली होती. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या पठारावर त्याने १९७७ साली ‘द लाइटनिंग फील्ड’ पूर्ण केले. स्टेनलेस स्टीलचे ४०० टोकदार खांब, एका बाजूने एक मैल आणि दुसऱ्या बाजूने एक किलोमीटर अशा आयताकृती जागेत, साधारण ६७ मीटरांच्या अंतराने रोवलेले आहेत. जमीन उंचसखल असल्याने सर्वांत आखूड खांब साडेचार मीटरांचा आणि सर्वांत लांब आठ मीटरांहून थोडा अधिक आहे, पण टोके सगळी एका पातळीत. वरून काचेचे प्रचंड तावदान ठेवले तर ते प्रत्येक टोकाला टेकेल, इतकी. नावात वीज असली तरी वीज पडताना पाहायला मिळणे दुर्मीळ आहे, आणि केवळ त्यासाठी जाणारा निराश होतो. खरा प्रकार उन्हाचा आहे. भर दुपारी हे खांब जवळजवळ दिसेनासे होतात, तर सूर्य खाली असताना त्यांच्या कडा पेटतात आणि एकाएकी शेकडो खांब प्रकट होतात. म्हणूनच तिथे जाणाऱ्याला रात्रभर मुक्काम करावा लागतो आणि एका वेळी फक्त सहा जणांना राहता येते. हा नियम पाहुण्यांना जाचक वाटत असेल, पण मला तो शिल्पाचाच एक भाग वाटतो.

ही सगळी धाटणी अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस जन्मली. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतींचा आणि खरेदीविक्रीचा काही तरुण कलावंतांना वीट आला, आणि पश्चिमेकडे स्वस्त, अफाट जमीन पडून होती. या प्रकाराला लँड आर्ट म्हणतात. मराठीत भूशिल्प हा शब्द मला बरा वाटतो. मायकेल हायझर याने १९६९–७० मध्ये नेवाडातील मॉर्मन मेसा या पठाराच्या कडेला समोरासमोर दोन खंदक खोदले. ‘डबल निगेटिव्ह’ नावाच्या या कामासाठी सुमारे २,४०,००० टन दगडमाती हलवली गेली आणि तयार झाली ती सुमारे ४५७ मीटर लांबीची पोकळी. खाणींच्या परिसरात वाढलेल्या गोवेकराला हा आकडा नवा नाही. डोंगराच्या पोटात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी खाण आपण पाहिली आहे आणि ती पाहून कोणी ‘वा’ म्हणत नाही. हायझरचा खंदक आणि आपल्या खाणीचा खड्डा यांत फरक हेतूचा आहे, आणि तो फरक पुरेसा आहे का, याविषयी माझे मन अजून ठरलेले नाही. त्याच हायझरने १९७०मध्ये नेवाडातच ‘सिटी’ नावाचे काम सुरू केले. दोन किलोमीटरांहून अधिक लांब पसरलेले ते मातीचे आणि काँक्रीटचे नगर पन्नास वर्षांहून जास्त काळानंतर, २०२२ साली लोकांसाठी उघडले, तेही दिवसाला मोजून सहा जणांसाठी.

या पिढीतले मला सर्वांत जवळचे वाटणारे काम मात्र नॅन्सी होल्ट हिचे आहे. यूटा राज्यातल्या ग्रेट बेसिन वाळवंटात तिने १९७३ ते १९७६ या काळात ‘सन टनेल्स’ उभारले. काँक्रीटचे चार प्रचंड नळ, प्रत्येक सुमारे साडेपाच मीटर लांब, पावणेतीन मीटर व्यासाचा आणि २२ टन वजनाचा, फुलीच्या आकारात आडवे ठेवलेले आहेत. रस्त्याच्या कामावर पडलेले मोठे ह्यूम पाइप ज्याने पाहिले आहेत त्याला हे दृश्य कल्पनेने पाहता येईल. समोरासमोरच्या नळांच्या दोन जोड्या अशा दिशांनी लावल्या आहेत की २१ जूनच्या आणि २१ डिसेंबरच्या आसपास उगवता आणि मावळता सूर्य नेमका नळांच्या आरपार दिसतो. शिवाय प्रत्येक नळाच्या वरच्या अंगाला कालेय, ययाती, कपोत आणि मकर यांपैकी एकेका तारकासमूहाच्या आकृतीत भोके पाडली आहेत. बाहेर कडक ऊन असताना आत, अंधाऱ्या गारव्यात, त्या भोकांतून पडणारे उन्हाचे गोल ठिपके दिवसभर भिंतीवरून सरकत राहतात, म्हणजे दिवसाढवळ्या पायाखाली तारे येतात.

हे नळ जसेच्या तसे उचलून गोव्यात आणले तर काय होईल? सूर्य त्यांतून दिसणार नाही. कारण अक्षांश बदलला की सूर्योदयाची दिशा बदलते. यूटातल्या त्या जागेचा अक्षांश ४१ अंशांच्या थोडा पुढे आहे आणि तिथे जूनमधला सूर्य नेमक्या पूर्वेपेक्षा सुमारे ३२ अंश उत्तरेला सरकून उगवतो. गोवा साडेपंधरा अंशांवर आहे, म्हणून आपल्याकडे हे सरकणे साडेचोवीस अंशांच्या आसपासच थांबते. वर्षभरात क्षितिजावरची सूर्याची येजा तिथे ६४ अंशांची, तर इथे ४९ अंशांची. होल्टची फुली आपल्याकडे थोडी मिटवून लावावी लागेल. उलट आपल्याला एक गोष्ट मिळते जी यूटाला कधीच मिळत नाही, ती म्हणजे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि त्या मध्यान्ही सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडात नाहीशी होते. ऑगस्टमधला दिवस ढगांमुळे बहुधा वाया जातो, हे वेगळे. अशी शिल्पे एका जागेसाठी बनतात असे म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ भावनिक नसून बराचसा भौमितिक असतो.

वाळूचेही स्वतःचे भौमितिक हट्ट असतात. कोरडी वाळू एका जागी ओतत राहिले की ढीग उंच होतो, पण त्याचा उतार साधारण ३४ अंशांपलीकडे जात नाही. त्याहून तीव्र झाला की वाळू घसरते आणि उतार पूर्ववत होतो. खळ्यातली भाताची रास आणि बार्जमध्ये भरण्याआधी धक्क्यावर घातलेला खनिजाचा ढीग हाच नियम पाळतात, प्रत्येकाचा कोन काय तो वेगळा. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राजवळ एल गुना येथे तीन ग्रीक स्त्री-कलावंतांच्या गटाने १९९७ साली पूर्ण केलेले ‘डेझर्ट ब्रेथ’ हे शिल्प या नियमावर उभे आहे. सुमारे एक लाख चौरस मीटरांच्या जागेत वाळूचे शंकू दोन सर्पिल रेषांनी मध्याकडे येतात. एका रेषेत वर आलेले शंकू, दुसरीत तेवढेच खाली गेलेले खड्डे. त्यासाठी ८,००० घनमीटर वाळू हलवावी लागली. इथे बाहेरून आणलेले काही नाही आणि जपण्याची धडपडही नाही. वारा ते शिल्प वर्षानुवर्षे खात आहे, शंकू बुटके होत आहेत, खड्डे भरत आहेत, आणि कलावंतांना ते मंजूर होते.

लोखंडाचे तसे नसते, ते टिकावे अशी अपेक्षा असते, आणि इथे भाच्याच्या ‘गंजलेले’ या शब्दाकडे वळायला हवे. सेराचे पत्रे ज्या पोलादाचे आहेत त्याला कॉर्टेन म्हणतात. त्यात तांबे, क्रोमियम, निकेल यांचे थोडे प्रमाण असते. साधे लोखंड गंजते तेव्हा गंज फुगतो, पोपडा सुटतो, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजते. कॉर्टेनवर मात्र गंजाचा पहिला थर घट्ट, दाट बसतो आणि पुढच्या गंजाला अडवतो. करडे पोलाद आधी नारिंगी, मग तपकिरी आणि काही वर्षांनी गडद काळसर तांबूस होते, आणि त्याला रंग लावावा लागत नाही. पण या कवचाची एक अट आहे, ती म्हणजे पृष्ठभाग ओला झाला तरी पुन्हा पुरता सुकला पाहिजे. तो सतत ओलसर राहिला किंवा त्यावर समुद्राचे मीठ साचत गेले, तर थर घट्ट बसतच नाही आणि कॉर्टेनही साध्या लोखंडासारखे झिजत जाते. अमेरिकेत अटलांटा शहरात १९७२ साली उघडलेले ओम्नी हे क्रीडागृह कॉर्टेनचे होते; तिथल्या दमट हवेत त्याचे गंजणे थांबले नाही, आणि १९९७मध्ये ते पाडण्यात आले.

झेक्रीतही समुद्राजवळच आहे, मग तिथले पत्रे कसे टिकतात, अशी शंका चाणाक्ष वाचकाला येईल. कतारमध्ये वर्षाला सरासरी ८० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे तिथल्या वर्षभराइतका पाऊस जुलैच्या एका दिवशी आपल्या अंगणात पडून जातो. शिवाय ते पत्रे भरीव आणि जाड आहेत, त्यामुळे वरची किंचित झीज त्यांना परवडते. गोव्यात पावसाळ्यापूर्वी फाटकाला दरवर्षी रंग लावणाऱ्या माणसाला मी मिरामारच्या किनाऱ्यावर कॉर्टेनचे पातळ शिल्प उभे करण्याचा सल्ला देणार नाही. इथल्या मातीने आपला टिकाऊ गंज आधीच तयार केलेला आहे. जांभा हा दगड म्हणजे पावसाने विरघळणारे सगळे धुऊन नेल्यावर उरलेली लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे. चिरे काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो.

वारा आणि ऊन यांचा हिशेब शिल्पकाराऐवजी अभियंता करतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून रुंद पत्रा हा शिडासारखा वागतो आणि त्याचा पाया खोल न्यावा लागतो. सतरा मीटरांचा पोलादी पत्रा चाळीस अंशांच्या तापमानफरकात सुमारे आठ मिलिमीटर लांब होतो. उडणारी वाळू बहुतेक जमिनीलगतच्या मीटरभर उंचीतच धावते, त्यामुळे वस्तू बुडाशी जास्त झिजते. इजिप्तच्या फराफ्रा भागातील पांढऱ्या वाळवंटात खडूचे जे अळंब्यांसारखे खडक उभे आहेत, वर रुंद आणि खाली बारीक, त्यांच्या मागे याच झिजेचा मोठा वाटा आहे. वाळवंट स्वतःच शिल्पकार आहे असे कौतुकाने म्हटले जाते, ते अशा खडकांना पाहून.

मात्र वाळवंट ‘रिकामे’ असते हे म्हणणे मला खटकते. आपल्याकडे सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, कागदोपत्री पडीक ठरतो. प्रत्यक्षात त्यावर गुरे चरतात आणि ऑगस्टमध्ये ‘सीतेची आसवे’ नावाच्या फुलांनी तो जांभळा होतो. अमेरिकन कलावंतांच्या ‘मोकळ्या’ वाळवंटांतही मूळ रहिवासी होते, चराईचे हक्क होते, आणि मातीवर सूक्ष्म जिवांची पातळ साय होती, जी एका गाडीच्या चाकाने मोडली तर सांधायला कित्येक वर्षे लागतात. शिल्प पाहायला येणाऱ्यांची चाके हीसुद्धा त्या शिल्पाची किंमत आहे. सेराच्या पत्र्यांवर लोकांनी नावे ओरखडून ठेवली, चिलीच्या अटाकामा वाळवंटात वाळूतून वर आलेला मारिओ इराराझाबाल याचा अकरा मीटरांचा सिमेंटचा हात तर पुन्हा पुन्हा रंगवला जातो आणि पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. किल्ल्याच्या भिंतीवर बदामात नावे कोरणारे आपलेच आहेत असे समजण्याचे कारण नाही.

उजाड जमिनीवर प्रचंड आकृती काढण्याची कल्पना अमेरिकेत जन्मली असेही कोणी समजू नये. पेरूमधल्या नाझ्का रेषा वरचे गडद दगड बाजूला सारून खालची फिकी जमीन उघडी करत काढलेल्या आहेत. आणि आपल्या कोकणात रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत जांभ्याच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, ज्यांची नोंद २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. त्याच्या पाठीवर उभे राहिले तर तो हत्ती आहे हे कळत नाही, चालत फिरून ओळखावे लागते. त्याच यादीत गोव्याचे एक ठिकाण आहे, रिवणजवळ कुशावती नदीच्या काठचे पणसायमळ, ज्याला उसगाळीमळही म्हणतात. तिथल्या सपाट कातळावर बैल, हरणे, माणसे आणि चक्रव्यूहासारखी एकात एक फिरणारी वर्तुळे कोरलेली आहेत.

भाचा मे महिन्यात सुट्टीवर येणार आहे आणि त्याला मी तिथे नेणार आहे. फक्त जेवून निघायचे नाही, कारण रेषा उथळ आहेत आणि डोक्यावरच्या उन्हात त्यांना सावलीच पडत नाही. न्यू मेक्सिकोतल्या खांबांसारख्या त्याही दुपारी पुसल्या जातात. सकाळी आठच्या आत पोहोचलो, तर तिरक्या उन्हात प्रत्येक खोबणीची एक कड काळी होते आणि बैलाची शिंगे वेगळी दिसू लागतात.